एकदा वर, एकदा खाली

तिसरा मजला

अंड्याचं कवच सुटता सुटत नव्हतं. मिस्त्रीने नखाने एक टवका उडवला की त्याच्याबरोबर पांढऱ्याचाही लचका निघायचा. उकडलेलं अंडं उंदराने कुरतडल्यासारखं दिसायला लागलं होतं.

"उकडल्यावर गार पाण्यात टाकायचं असतं," स्वयंपाकघराच्या दारातून लेक म्हणाली.

"टाकलं होतं."

"कितीसा वेळ?"

"टाकलं होतं म्हणतोय ना."

आई आजारी पडल्याचं कळताच लेक रजा काढून आली होती आणि उद्याच्या गाडीने परत जायची होती. आईचं खाणंपिणं बापाला जमतंय का, हे बघायला ती मुद्दाम हाताची घडी घालून उभी होती, आणि बापाला ते कळत होतं. जन्मभर त्याने लिफ्टी दुरुस्त केल्या होत्या. लोखंडी दोरावरून हात फिरवला की तुटलेला धागा त्याच्या बोटांना लागायचा. तीच बोटं आज एका अंड्यापुढे अडाणी झाली होती.

शेवटी त्याने पांढरं बोटांनीच उकललं. आतला बलक अख्खा सुटला, ताटलीत घरंगळत गेला आणि कडेला टेकून थांबला.

"हे टाकू?" लेकीने विचारलं.

मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. या घरात कित्येक वर्षं रोज सकाळी अंडी उकडली जात होती, आणि त्यातलं पिवळं कुठे जातं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ते त्याच्या बायकोच्या पोटात जायचं.

"राहू दे," तो म्हणाला.

"हो," आतल्या खोलीतून आवाज आला.

कुणी तिला काही विचारलं नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिच्याकडे तेवढा एकच शब्द उरला होता. पाणी हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. दुखत असलं तरी हो. कुशीवर वळवायचं का, दिवा घालवायचा का, मी कोण आहे ओळखलंस का. सगळ्याला हो. म्हणताना ती इतक्या खात्रीने म्हणायची, की पहिले काही दिवस तर मिस्त्रीला वाटलं होतं, हिला सगळं समजतंय.

तळमजला

सुरुवात त्याच्यापासून झाली होती, तिच्यापासून नाही.

तेव्हा लेक परगावी कॉलेजात होती. कंपनीने सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं आणि मिस्त्रीच्या कागदावर कोलेस्टेरॉलच्या आकड्याभोवती लाल गोल आला. तळमजल्यावरच्या दवाखान्यात तो आणि बायको शेजारी शेजारी बसले. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी कागद लांब धरून वाचला.

"काय काय खाता?"

"वाढतील ते."

"वाढतं कोण?"

मिस्त्रीने हनुवटीने बायकोकडे खूण केली. डॉक्टरांनी खुर्चीच तिच्याकडे वळवली, आणि त्यानंतर मिस्त्री जणू खोलीत नव्हताच.

"तळलेलं बंद. लोणी, साय बंद. कोंबडी आणली तर कातडी काढून. अंड्यातलं पांढरं चालेल, पिवळं नाही. सिगारेट सोडायला लावा. रोज चालायला लावा."

"आणि याने उतरेल ना आकडा?"

"का नाही उतरणार? सगळं तुमच्या हातात आहे."

हे वाक्य डॉक्टर रोज कितीतरी बायकांना म्हणत असतील. पण मिस्त्रीच्या बायकोला आजवर कुणी असं काही हातात दिलं नव्हतं. घराच्या दारापाशी पोचल्यावर किल्ली काढता काढता ती म्हणाली, "सिगारेटचं पाकीट खिशात आहे ते इकडे द्या."

पुढे वरचेवर रक्त द्यायला जावं लागे. ती दर वेळी बरोबर जायची, बाकावर बसून त्याची टोपी आणि डबा सांभाळायची. एकदा रक्त काढणारा मुलगा सहज म्हणाला, "काकू, आलाच आहात तर तुमचंही बघू या का?"

"माझं कशाला? मला काय धाड भरलीये?" ती म्हणाली, आणि तिघंही हसले.

मिस्त्री जरा जास्तच हसला होता.

जिना

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस जिन्याने चढायला लागला, तेव्हा इमारती घाबरल्या.

चालायचं ठरलंच आहे तर चढायचंच, असं त्याने मनाशी घेतलं. काम कुठल्याही मजल्यावर असो, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून स्वारी जिन्याने निघायची. एका इमारतीतल्या म्हातारीने त्याला तिसऱ्यांदा जिन्यात पाहिलं आणि तिथेच गाठलं.

"खरं सांग मिस्त्री. दोर तुटायला आलाय का?"

"नाही हो आजी. मला डॉक्टरांनी सांगितलंय चढायला."

"डॉक्टरांना कसं कळलं दोराचं?"

संध्याकाळपर्यंत निम्मी इमारत जिन्याने चढत होती. चिडून सचिवाने कंपनीत फोन केला आणि साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. "तुझ्या तब्येतीपायी माझा धंदा बसवतोस का?" असं म्हणून वर हसलेही. त्या रात्री जेवताना त्याने ही गोष्ट बायकोला सांगितली, तेव्हा हसून हसून तिला ठसका लागला. हसणं थांबल्यावर तिने विचारलं, "पण चढता ना अजून? की सोडलंत?"

"चढतो."

"मग हसू देत लोकांना."

त्यांच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. भाजी, दूध, अंडी घेऊन ती रोजच तिसऱ्या मजल्यावर चढायची. त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं.

तिसरा मजला

पहिल्या काही आठवड्यांत तिने पिवळं टाकलं नव्हतं. टाकणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिळ्या पावाचा ती चुरा करून ठेवायची, भाजीच्या देठांचं सूप करायची. एका झाकणाच्या वाडग्यात ती बलक साठवायची. कुणीतरी केकसाठी नेईल, शेजारणीच्या मांजराला होईल, असं तिचं चाललेलं असायचं.

एका रविवारी ती दुकानात गेली होती. मिस्त्री एकटाच घरी होता. महिनाभर उकडलेल्या भाज्या आणि कोरडा पाव खाऊन त्याची जीभ मेल्यासारखी झाली होती. त्याने वाडगा काढला. आधी एकच खाल्ला. मग त्याला कळलंच नाही. उभ्या उभ्या, गुन्हेगारासारखा, दाराकडे कान लावून त्याने वाडगा संपवला, धुतला, पुसला आणि होता तिथे ठेवून दिला.

बायको आली, पिशवी ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"काय बघतेस?"

"मिशीत काय आहे?"

त्याने मिशीवरून हात फिरवला. पिवळा चुरा बोटाला लागला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. पिशवी मांडीवर तशीच.

"सगळं माझ्या हातात आहे म्हणाले ते. कसं असेल माझ्या हातात? मी पाठ फिरवली की तुम्ही असं करणार."

"अगं, एकदाच..."

"घरात ठेवलं तर तुम्ही खाणार. आणि टाकायला माझा हात होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने अंडी सोलली, पांढरं त्याच्या ताटलीत ठेवलं आणि पिवळं स्वतः उचललं. वॉशबेसिनपाशी उभी राहिली, बलकावर मिरपूड टाकली. चिमूटभर नाही, काळा होईपर्यंत टाकली. तोंडात घातला आणि वर पेलाभर पाणी प्यायली.

"झालं," ती म्हणाली. "आता घरात पिवळं नाही."

तेव्हापासून तेच चाललं. दुधावरची साय ती चमच्याने काढून तिथल्या तिथे खाऊन टाकायची. कोंबडीची कातडी तिच्या ताटात जायची. कुणी लोण्याचं काही दिलं तर तेही. त्याच्या ताटातून जे जे उतरलं, ते ते तिच्या ताटात चढलं.

मशीनरूम

"बायकोची मजा आहे," मिस्त्री जाड्याला म्हणायचा.

जाड्या म्हणजे त्याचा जोडीदार. इमारतींच्या माथ्यावर, मोटारीच्या खोलीत बसून दोघं दुपारचा डबा खायचे. जाड्याच्या डब्यातून तेल गळायचं. मिस्त्रीच्या डब्यात काकडी असायची.

"मी पांढरं चघळतो, आणि ती माझ्यासमोर पिवळं हाणते. रोज. मिरपूड लावून लावून. दाखवून दाखवून."

"वहिनी हुशार आहेत," जाड्या म्हणायचा. "तुला उपाशी मारतील आणि तुझ्या वाटचं खाऊन शंभर वर्षं जगतील. आधी मी मरेन, मग तू. मग त्या दुसरं लग्न करतील."

"तुझ्याशी?"

"मी मेलेलो असेन म्हटलं ना. ऐकत जा जरा."

मिस्त्री घरी जाऊन हे बायकोला सांगायचा. सकाळी ती बेसिनपाशी उभी राहिली की तोही चिडवायचा, "खा, खा. माझ्या वाटचं खा." तिच्या तोंडात बलक असायचा. डोळे मिटून घ्यायची आणि पाण्याच्या पेल्याकडे हात करायची. मिस्त्रीला वाटायचं, काय चवीने खातेय.

आकडा उतरत गेला. लाल गोल नाहीसा झाला. रिपोर्ट आला की ती भिंगाने वाचायची आणि शेजारपाजारी सांगायची, "आपला आकडा उतरला." आपला म्हणायची.

मिस्त्रीचा कामाचा एक नेम होता. दुरुस्ती झाली की रिकामी लिफ्ट एकदा वर न्यायची आणि एकदा खाली आणायची. दोन्हीकडे नीट चालली तरच 'लिफ्ट बंद'चा फलक काढायचा. जाड्याला याचा कंटाळा यायचा.

"गेली ना वर? मग येईल की खाली. जाईल कुठे?"

"वर जाताना शहाण्यासारखी वागते रे. दगा खाली येताना देते."

"एकदा विश्वास ठेवून बघ कशावर तरी."

"ठेवतो की. दोनदा बघून ठेवतो."

खड्डा

फोन आला तेव्हा तो लिफ्टीच्या तळाच्या खड्ड्यात होता. तिथे वर्षानुवर्षं लोकांच्या हातून निसटलेल्या गोष्टी साचतात. बटणं, केसांच्या पिना, एखादी किल्ली. वरून मोठं लोखंडी वजन लोंबकळत होतं. लिफ्टीतल्या माणसांना ते कधी दिसत नाही. लिफ्ट वर गेली की ते खाली येतं, एवढंच त्याचं काम. त्याच्या खालच्या स्प्रिंगला तो ग्रीस लावत होता.

"मिस्त्री, लवकर या," खालच्या मजल्यावरचा शेजारी म्हणाला. "वहिनी जिन्यात बसल्यात. उठत नाहीत. मी काय विचारतोय त्याचं उत्तर देत नाहीत."

"काय म्हणतेय ती?"

"हो म्हणतात नुसत्या."

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर ती भिंतीला टेकून बसली होती. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. पिशवी तिने शेजारी नीट ठेवली होती, पडू नये म्हणून कठड्याला टेकवून. आतलं एकही अंडं फुटलं नव्हतं.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने रिपोर्टवरून नजर उचलली.

"यांचं कोलेस्टेरॉल शेवटचं कधी तपासलं होतं?"

"माझं वरचेवर होतं. मागच्या वेळी एकदम चांगलं..."

"तुमचं नाही. यांचं."

बाकावर टोपी आणि डबा मांडीवर घेऊन बसलेली बायको मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे आली.

"कधीच नाही."

डॉक्टरने मान हलवली. रागावला नाही. रागावायलाही त्याला वेळ नव्हता.

"ती माझ्या वाटचं पिवळं खायची," मिस्त्री म्हणाला. "अंड्यातलं. साय खायची. मला बंद होतं म्हणून. कातडी पण. रोज. त्यानेच झालं ना हे?"

"त्यानेच असं नाही सांगता येत. रक्तदाबही होता त्यांना, तोही कधी कुणी पाहिला नव्हता. घराण्यातून आलेलं असू शकतं. वय आहे. रोज साय, लोणी खाल्लं तर भर पडतेच, पण नेमकं कशाने झालं हे मी सांगू शकत नाही."

"अंदाजाने?"

"अंदाजानेही नाही, काका. स्वतःला दोष देऊ नका." मग जाता जाता, मिस्त्रीला बरं वाटावं म्हणून डॉक्टर म्हणाला, "आणि अंड्याचं आता आम्ही तितकं कडक सांगतही नाही. अधूनमधून पिवळ्यासकट खाल्लं असतंत, तरी तुमचं फार काही बिघडलं नसतं. तूर्त यांना मात्र पांढरंच द्या. मऊ करून."

बंद पडलेल्या लिफ्टीचं कारण मिस्त्रीला सापडलं नाही, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. झाकण उघडायचं, आत बघायचं. काहीतरी जळालेलं असतं, काहीतरी झिजलेलं असतं. ते हातात घेऊन मालकाला दाखवता येतं, हे बघा, यामुळे. आणि सापडेपर्यंत फलक लावायचा आणि घरी जायचं.

तिला घरी आणलं त्या दिवशी त्याने आणि जाड्याने तिला खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवलं. जाड्या प्रत्येक वळणावर थांबत होता, भिंत धरत होता, तोंडाने श्वास घेत होता. मिस्त्रीला धाप लागली नाही. त्याचे पाय पोलादासारखे झाले होते. छाती संथ चालत होती. वर पोचल्यावर जाड्याने घाम पुसत त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुझं बाकी भलं केलं वहिनींनी."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मिस्त्रीने पुढे कितीतरी दिवस त्याचा फोन उचलला नाही.

तिसरा मजला

"राहू दे काय?" लेक म्हणाली. "सुकून दगड होईल. तुम्ही खाणार आहात का?"

"नाही."

"मग टाकते."

"तुझ्या आईने टाकू दिलं नसतं," मिस्त्री पांढरं काट्याने कुस्करत म्हणाला. "ती खायची. रोज सकाळी, तिथे उभी राहून."

"काय खायची?"

"पिवळं."

लेक हसली. "आई? काहीतरीच काय सांगताय?"

"का?"

"अहो बाबा, आईला पिवळ्याचा वास सहन होत नव्हता. माझ्या वेळी दिवस होते तेव्हापासून. शाळेच्या डब्यात मला अंडं द्यायची, तर श्वास धरून सोलायची. मी तिला मुद्दाम उष्टं पिवळं दाखवायचे, तर पळत सुटायची घरभर."

मिस्त्रीच्या हातातला काटा थांबला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"होतं," तो म्हणाला. "माहीत होतं."

"मग खायची कशी म्हणता?"

त्याने काटा पुन्हा चालवला. पांढऱ्याचा अगदी भुगा झाला तरी तो चालवत राहिला. त्याला ती सकाळ दिसत होती. एक नाही, सगळ्याच. मिरपूड. मिटलेले डोळे. पाण्याच्या पेल्याकडे गेलेला हात. आणि टेबलापाशी बसून तो स्वतः, खा, खा म्हणणारा.

"शेजारणीच्या मांजराला का नाही घातलं?" लेक म्हणाली. तिला आता कळायला लागलं होतं, आणि तिचा आवाज खाली आला होता. "बाबा? मांजर होतं ना तेव्हा?"

"मला काय माहीत."

"विचारलं नाही कधी?"

"तुला गोळ्या आणायच्या होत्या ना तिच्या?" मिस्त्री म्हणाला. "दुकान बंद होईल."

वर

लेक खाली गेल्यावर वाटी घेऊन तो आतल्या खोलीत आला. बायकोला उशीला टेकवून बसवलं, गळ्याशी फडकं लावलं. तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे तेच होते. बाकी सगळं अर्धं उरलं होतं.

पहिला चमचा तिने घेतला. तोंडात घोळवला. गिळायला तिला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ त्याला बसून राहावं लागायचं. तो वेळच वाईट होता.

माणसाची चव बदलते, तो स्वतःशी म्हणत होता. तरुणपणी जे आवडत नाही ते पुढे आवडायला लागतं. त्याला स्वतःला काकडी कुठे आवडायची? आता डब्यात नसली तर चुकल्यासारखं होतं. सुरुवातीला आवडत नसेल तिला. मग लागली असेल गोडी. एवढी वर्षं कुणी नावडतं खातं का? बोलली नसती का एकदा तरी?

"ऐक," तो म्हणाला.

ती ऐकत होती.

"ते पिवळं. तू खायचीस ना रोज, बेसिनपाशी. मी चिडवायचो." त्याने चमचा वाटीत ठेवला. "आवडायचं ना तुला ते?"

"हो," ती म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली. मिस्त्रीच्या छातीवरून काहीतरी उचललं गेलं आणि तो चक्क हसला. वाटी धरलेला हात हलका झाला. खिडकीतून खालच्या रस्त्याचा आवाज येत होता, कुणीतरी कुणालातरी हाका मारत होतं, आणि त्याला वाटलं, इथेच थांबावं. आणखी काही विचारू नये. आजपासून असंच धरून चालावं, की तिला आवडायचं.

एकदा विश्वास ठेवून बघ कशावर तरी, जाड्या म्हणायचा.

त्याने दुसरा चमचा भरला. तिला दिला. तिने घोळवला, गिळला. त्याने फडक्याने तिची हनुवटी पुसली. आता उठावं, असं त्याने ठरवलं.

खाली

"की नव्हतं आवडत?" त्याने विचारलं.

त्याला विचारायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. सगळं आयुष्य तेच केलं होतं त्याने, दोनदा बघायचं. हाताला सवय असते तशी जिभेलाही असेल.

"नव्हतंच ना आवडत तुला? वास यायचा ना?"

ती त्याच्याकडे बघत होती. मघाचेच डोळे. मघाचीच माया.

"हो," ती म्हणाली.

मघाइतकंच स्पष्ट.

वाटीतलं पांढरं गार झालं, त्याला पाणी सुटलं. मग मिस्त्री खाकरला.

"बास?"

"हो."

"की अजून थोडं देऊ?"

"हो."

त्याने चमचा भरला. वाटी संपेपर्यंत तो देत राहिला आणि ती घेत राहिली. मग तिचं तोंड पुसून, फडकं काढून, तिला सावकाश आडवं करून तो स्वयंपाकघरात आला.

बलक ताटलीतच होता. वरून सुकून गडद झाला होता. मिस्त्रीने मांडणीवरची मिरपुडीची बाटली घेतली आणि बेसिनपाशी, ती उभी राहायची तिथे जाऊन उभा राहिला. बाटलीच्या झाकणावर तिच्या बोटांचे तेलकट ठसे अजून होते. बलक काळा होईपर्यंत त्याने मिरपूड टाकली आणि तो अख्खा तोंडात घातला.

ज्याच्यासाठी त्याने एकदा चोरी केली होती, त्याला काही चव नव्हती. नुसती माती. ती टाळ्याला चिकटली, घशात अडकली, डोळ्यांत पाणी आलं. डोळे आपोआप मिटले आणि हात पाण्याच्या पेल्याकडे गेला.

"हो," आतून आवाज आला.

तो पाणी प्यायला. त्याने पेला धुतला, ताटली धुतली, दोन्ही पुसून जागेवर ठेवली.

"आलो," तो म्हणाला.